प्रतिस्पर्धी सहकाऱ्यापुढे मन मोकळे केले की महानायकांमधली चुरस संपते का?

अर्धविराम (प्रश्न)

नमस्कार. महानायकांच्या चित्रकथा मी आवडीने वाचतो आणि सध्या स्वतःही एक दीर्घकथा लिहितो आहे. तिच्यात एकाच शहराचे रक्षण करणाऱ्या दोन नायिका आहेत. पहिली उडू शकते. ती लोकांची लाडकी आहे आणि संकट आले की सर्वांच्या नजरा आधी आकाशाकडे वळतात. दुसरीला काही क्षणांनंतर घडणारे आधीच ऐकू येते. पहिलीच्या अनेक विजयांमागे दुसरीने वेळेवर दिलेला इशारा आहे, पण हे फारसे कोणाला ठाऊक नाही. दोघी एकमेकींचा जीव वाचवतात, एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहतात आणि तरीही दोघींच्या मनात एकच प्रश्न धुमसत असतो, की आपल्यावाचून दुसरीचे किती अडेल.

कथेच्या मध्यावर पहिलीची शक्ती ओसरू लागते. ती पूर्वीइतकी उंच जाऊ शकत नाही आणि ही गोष्ट तिने सर्वांपासून लपवून ठेवली आहे. एका लढाईनंतर इमारतीच्या गच्चीवर ती दुसरीजवळ रडते, सगळे सांगून टाकते आणि दुसरी तिला जवळ घेते. हा प्रसंग मला मनापासून लिहावासा वाटला होता. तो उतरलाही बरा आहे. परंतु त्यानंतरच्या प्रकरणांत दोघींमधला ताण पार नाहीसा झाला आहे. त्या भांडल्या तर ते भांडण ओढूनताणून आणल्यासारखे वाटते, आणि न भांडल्या तर दोन चांगल्या मैत्रिणी गुंडांना पकडताहेत एवढेच काय ते उरते.

गाजलेल्या जोड्यांचे मात्र असे होत नाही. सुपरमॅन आणि बॅटमॅन, टोनी स्टार्क (आयर्न मॅन) आणि स्टीव्ह रॉजर्स (कॅप्टन अमेरिका) यांनी एकमेकांना पूर्ण खचलेल्या अवस्थेत पाहिले आहे, तरीही त्यांच्यातली चुरस जिवंत राहते आणि वाचकाला ती खोटी वाटत नाही. हे कसे साधते? मला मारामारीच्या प्रसंगांविषयी विचारायचे नाही. एका वीराचे मर्म दुसऱ्याला कळते, त्या क्षणाविषयी आणि त्यानंतरच्या नात्याविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

जुनीपाने (प्रतिसाद)

प्रश्न आवडला. तुमच्या प्रसंगातला ताण अश्रूंमुळे गेला असे मला वाटत नाही. त्या अश्रूंसाठी दोघींपैकी कोणालाच काही मोजावे लागले नाही, म्हणून तो गेला. माझे म्हणणे स्पष्ट करण्यासाठी मी एकाच जोडीकडे जरा सविस्तर पाहतो, कारण तिच्यात दोन्ही प्रकारची उदाहरणे सापडतात.

सुपरमॅन 1938 मध्ये वाचकांसमोर आला आणि बॅटमॅन 1939 मध्ये. 1952 मधल्या एका कथेत दोघे जहाजावरच्या प्रवासात योगायोगाने एकाच खोलीत येतात आणि वेष बदलताना दोघांचेही गुपित एकमेकांसमोर उघडे पडते. महानायकाच्या दृष्टीने खरी ओळख हे केवढे मोठे मर्म! ते कळले की त्याच्या घरापर्यंत आणि जिवलगांपर्यंत पोहोचता येते. पण त्या कथेत या उलगड्याने कोणाचेच काही बिघडत नाही. दोघांना सारखेच कळते, दोघेही सज्जन असतात आणि पुढे 1954 पासून ते एका नियतकालिकात नियमितपणे एकत्र साहसे करू लागतात. त्या कथा मला प्रिय आहेत, परंतु त्यांत चुरस जवळपास नाही. तुमच्या गच्चीवरच्या प्रसंगाचे काहीसे असेच झाले असावे.

आता 1986 पाहा. जॉन बर्न यांनी सुपरमॅनची कथा नव्याने मांडताना या दोघांची पहिली भेट पूर्ण वेगळी लिहिली. सुपरमॅन बॅटमॅनच्या गॉथम शहरात येतो तो बॅटमॅनला कायदा हाती घेणारा गुन्हेगार मानून पकडायलाच. बॅटमॅन त्याला बजावतो, की मला हात लावलास तर या शहरात कुठेतरी ठेवलेला बाँब फुटेल आणि एका निरपराध माणसाचा जीव जाईल. सुपरमॅन हात आवरतो, दोघे मिळून एका गुन्हेगाराचा माग काढतात आणि अखेरीस सुपरमॅनला कळते, की तो बाँब बॅटमॅनच्या स्वतःच्याच पट्ट्यात होता. ज्याचा जीव पणाला लागला होता तो निरपराध माणूस म्हणजे खुद्द बॅटमॅन. या एका डावातून त्याच्याविषयी किती कळते ते पाहा. समोरचा आपल्याला चिरडू शकतो हे त्याला पक्के ठाऊक आहे, आपल्याजवळ आपल्या जिवाखेरीज डावावर लावण्याजोगे काही नाही हेही ठाऊक आहे, आणि ही असहायता तो धमकीच्या स्वरात मांडतो. दोघे निरोप घेतात तेव्हा मैत्री झालेली नसते. वेगळ्या परिस्थितीत हा माणूस माझा मित्र होऊ शकला असता, एवढे बॅटमॅनच्या मनात येऊन जाते, आणि तेही सुपरमॅन दूर गेल्यावर.

1990 मध्ये याची परतफेड होते. सुपरमॅनचा शत्रू लेक्स लूथर बोटात क्रिप्टोनाइटची, म्हणजे सुपरमॅनला दुबळे करणाऱ्या खड्याची, अंगठी घालत असे. सुपरमॅनला जवळ येऊ न देण्यासाठी वापरलेल्या त्या खड्याच्या किरणोत्सर्गानेच लूथरचा हात गमावला जातो. बऱ्याच उलाढालींनंतर ती अंगठी सुपरमॅनच्या ताब्यात येते, आणि तो ती नष्ट करण्याऐवजी बॅटमॅनच्या हाती सोपवतो. उद्या माझ्यावरचा माझा ताबा सुटला तर मला थांबवण्याचे साधन अशा माणसाजवळ असावे, ज्याच्या हाती मी माझा जीव विश्वासाने सोपवू शकतो, असा त्याचा भाव आहे. त्याने हे साधन दुसऱ्या एखाद्या बलाढ्य मित्राला दिले नाही, हे ध्यानात घ्या. ज्याच्या पद्धती त्याला पटत नाहीत आणि जो आपल्याकडे सदैव संशयाने पाहतो, त्यालाच तो निवडतो. स्नेही डोळेझाक करील, हा करणार नाही, हे तो ओळखून आहे. चुरस संपली असती तर अंगठी योग्य हाती गेलीच नसती.

आणि मग 2000 मध्ये मार्क वेड यांनी लिहिलेली ‘टॉवर ऑफ बॅबेल’ ही कथा येते. जस्टिस लीग या महानायकांच्या संघातल्या प्रत्येक सहकाऱ्याला कसे निकामी करता येईल याच्या योजना बॅटमॅनने गुपचूप तयार करून ठेवल्या आहेत. बॅटमॅनचा शत्रू रास अल घूल त्या चोरतो आणि अमलात आणतो. समुद्राचा राजा असलेल्या अ‍ॅक्वामॅनला पाण्याचीच भीती वाटू लागते, ग्रीन लँटर्नची दृष्टी जाते, आणि वंडर वुमन अशा आभासी प्रतिस्पर्ध्याशी लढत राहते, जो कधी हरणारच नाही. या योजनांची रचना नीट पाहिली तर अंगावर शहारा येतो, कारण अ‍ॅक्वामॅनला पाणी जिव्हाळ्याचे आहे आणि वंडर वुमन कधी माघार घेत नाही हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्यालाच त्या सुचू शकतात. सहवासात कळलेले सगळे त्याने टिपून ठेवले होते.

अंगठी दिली गेली होती आणि योजना घेतल्या गेल्या होत्या. मर्म दोन्हीकडे एकच, पण ते कोणत्या वाटेने दुसऱ्यापर्यंत पोहोचले यावर पुढचे सारे नाते ठरते. तुमच्या कथेत ओसरत्या शक्तीचे गुपित दिले गेले आहे, परंतु ते देताना पहिलीने काही गमावले नाही आणि स्वीकारताना दुसरीवर कसली जबाबदारी आली नाही. ते कळल्यानंतर दुसरीला काय करावे लागेल, याचे उत्तर शोधलेत तर पुढची प्रकरणे आपोआप हलू लागतील असे मला वाटते.

उत्तररात्र (प्रतिसाद)

जुनीपाने यांचा प्रतिसाद उत्तम आहे, मात्र अंगठीच्या प्रसंगाकडे मी इतक्या निखळ कौतुकाने पाहू शकत नाही. सुपरमॅन विश्वास टाकतो हे खरे, पण त्याच वेळी तो बॅटमॅनवर एक भयंकर काम सोपवतो. उद्या वेळ आली तर मला मारणारा तू असशील, असेच तो सांगतो आहे. नकार देण्याची सोय त्यात नाही. लहानपणी डोळ्यांदेखत आईवडिलांचा खून पाहिलेल्या आणि कोणाचाही जीव न घेण्याचे व्रत घेतलेल्या माणसाच्या हातात हे साधन देणे म्हणजे त्याच्या सर्वांत दुखऱ्या जागेवर बोट ठेवणे आहे. माझ्या मते या नात्यातला ताण टिकतो तो इथे. आपले मर्म दुसऱ्याला देणे हेही कधीकधी त्याच्यावर लादणेच असते.

‘टॉवर ऑफ बॅबेल’मधला एक भाग वर आलेला नाही, तो मला महत्त्वाचा वाटतो. बॅटमॅनच्या यादीत बॅटमॅन नाही. पण रास अल घूलला त्याची दुखरी नस शोधायला यादी लागतच नाही, तो त्याच्या आईवडिलांच्या शवपेट्या थडग्यांतून पळवून नेतो. सहकारी एकामागोमाग कोसळत असताना बॅटमॅन त्या शोधण्यात गुंतलेला असतो. सगळ्यांची मर्मे लिहून ठेवणाऱ्याचे स्वतःचे मर्म इतके उघडे आहे, की शत्रूने ते न वाचताच ओळखले. नंतर संघात मतदान होते, सुपरमॅनचे मत निर्णायक ठरते आणि बॅटमॅनला बाहेर जावे लागते. पुढे त्याच मालिकेच्या पन्नासाव्या अंकात तो संघासमोर आपली खरी ओळख उघड करतो. ही क्षमायाचना नाही. ज्या नाण्यात त्याने घेतले होते, त्याच नाण्यात तो परत करतो, आणि म्हणूनच ते सहकाऱ्यांना पटते.

तिसरी वाट टोनी आणि स्टीव्ह यांची आहे, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत वेदनादायक आहे. 2016 च्या ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’ या चित्रपटात मतभेद सुरू होतात ते महानायकांवर शासकीय नियंत्रण असावे की नाही यावरून. चित्रपट बराच काळ त्या वादाभोवती फिरतो. परंतु शेवटची लढाई त्या वादावरून होत नाही. टोनीच्या आईवडिलांचा मृत्यू अपघाती नव्हता, तो खून होता, आणि मेंदूवर दुसऱ्यांचा ताबा असताना तो स्टीव्हचा जिवलग मित्र बकी याच्या हातून झाला होता, हे टोनीला एका जुन्या चित्रणातून कळते. तो स्टीव्हकडे वळून विचारतो, की तुला हे ठाऊक होते का. स्टीव्ह आधी अडखळतो आणि मग होकार देतो. त्या होकारानंतर टोनीच्या लेखी वाद, करार, राजकारण सगळे विरून जाते. येथे कोणी मर्म दिले नाही आणि कोणी चोरलेही नाही. टोनीची जखम स्टीव्हला टोनीच्या आधी कळली होती आणि त्याने ती त्याच्यापासून झाकून ठेवली.

पुढचे बघण्यासारखे आहे. स्टीव्ह एक पत्र आणि एक साधा, घडी होणारा जुना मोबाइल फोन पाठवतो. गरज पडली तर मी येईन, असा त्याचा अर्थ. 2018 च्या चित्रपटात अवकाशातून संकट कोसळते तेव्हा तो फोन टोनीच्या खिशातच असतो. जगातल्या सर्वोत्तम यंत्रांचा निर्माता हा जुनाट फोन बरोबर बाळगून हिंडतो आहे, यातच सगळे आले. तरीही तो स्वतः फोन करत नाही, आणि पुढे तो फोन दुसऱ्यालाच उचलावा लागतो. 2019 च्या चित्रपटात सर्व काही हरून, हाडांचा सापळा झालेला टोनी परत येतो तेव्हा तो स्टीव्हच्या गळ्यात पडत नाही. आपण हरलो आणि तेव्हा तू तिथे नव्हतास, हे तो सगळ्यांसमोर त्याला ऐकवतो, छातीवरचे यंत्र उपटून त्याच्या हातात कोंबतो आणि कोसळतो. इतका असहाय टोनी आपण क्वचितच पाहतो, आणि त्याच क्षणी त्याची चुरसही सर्वांत धारदार आहे. पहिल्या नायिकेचे रडणे असेही लिहिता येईल, याचा विचार व्हावा.

रेघोट्या (प्रतिसाद)

मी चित्रकथा काढते, त्यामुळे मांडणीच्या अंगाने थोडे लिहिते.

2003 मध्ये जेफ लोब यांच्या लेखनाने सुपरमॅन आणि बॅटमॅन यांची एक संयुक्त मालिका सुरू झाली. तिच्यात एकाच चौकटीत दोघांचे मनोगत वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्यांत शेजारी शेजारी छापलेले असते. एकाच घटनेकडे दोघे कसे पाहतात हे वाचक एका दमात वाचतो. एक दुसऱ्याच्या अफाट सामर्थ्याविषयी, तर दुसरा पहिल्याच्या जिद्दीविषयी मनातल्या मनात आदराने बोलत असतो, आणि तोंडी संवाद मात्र मोजका, कामापुरता, काही वेळा टोचणाराही असतो. त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये बोटभर मोकळी जागा असते. ती जागा ओलांडून एकाचे मन दुसऱ्यापर्यंत कधीच पोहोचत नाही, फक्त वाचकापर्यंत पोहोचते. हळवेपणा वाचकाला पुरेपूर मिळतो आणि दोन वीरांमधली चुरस तसूभरही कमी होत नाही. गद्यात हे साधण्यासाठी प्रकरणे आळीपाळीने दोघींच्या नजरेतून लिहिता येतील.

दुसरी आठवण स्पायडरमॅन (पीटर) आणि ह्यूमन टॉर्च (जॉनी) यांची, कारण या चर्चेत आतापर्यंत फक्त मोठ्या, गंभीर वीरांचीच नावे आली आहेत. 1960 च्या दशकापासून ही दोन तरुण पोरे एकमेकांची टर उडवत आली आहेत. 2005 मध्ये डॅन स्लॉट यांनी त्यांच्यावर पाच अंकांची एक छोटी मालिका लिहिली. तिच्या शेवटाकडे दोघांची मने उघडी होतात तेव्हा कळते, की जॉनीजवळ पैसा, प्रसिद्धी आणि सदैव पाठीशी उभे राहणारे कुटुंब आहे म्हणून पीटरला त्याचा हेवा वाटत होता, आणि पीटरचे स्वतःचे असे जे आयुष्य आहे त्याचा जॉनीला. दोघांनीही वर्षानुवर्षे एकमेकांना जे टोमणे मारले, त्यांचे मूळ या हेव्यात होते. कबुलीनंतर टोमणे थांबत नाहीत, पण तेच शब्द आता वेगळे ऐकू येतात. 2011 मध्ये जॉनी मरण पावल्याचे दाखवले गेले तेव्हा त्याने मागे ठेवलेल्या संदेशात, कुटुंबातली आपली जागा स्पायडरमॅनने घ्यावी अशी इच्छा व्यक्त केलेली असते. ज्या गोष्टीचा पीटरला हेवा होता नेमकी तीच गोष्ट त्याला मिळते, पण ती देणारा गेल्यावर. माझ्या मते हा सगळा इतिहास चुरशीखेरीज लिहिताच आला नसता.

तेव्हा तुमच्या दोघींना एकमेकींचा नेमका कशाबद्दल हेवा वाटतो, ते आधी ठरवा. ‘आपल्यावाचून दुसरीचे किती अडेल’ हा प्रश्न चांगला आहे, पण तो दोघींचा एकच आहे. प्रत्येकीचा हेवा वेगळा असायला हवा.

अर्धविराम

तिघांचेही मनःपूर्वक आभार. रेघोट्या, हेव्याविषयीची सूचना लगेच लागू पडली. पहिलीला दुसरीच्या अज्ञात असण्याचा हेवा वाटावा, कारण तिला चुकण्याची मुभा आहे, आणि दुसरीला पहिलीच्या टाळ्यांचा नव्हे, तर कोणीतरी तिची वाट पाहते याचा. आता गच्चीवरच्या प्रसंगाविषयी एक नेमके विचारतो. पहिलीने सांगितल्यावर दुसरीने काय बोलावे? मी लिहून पाहिलेले प्रत्येक वाक्य एकतर धीर देणारे होते किंवा दुखावणारे, आणि दोन्ही उथळ वाटतात.

उत्तररात्र

आपल्या दुसऱ्या नायिकेला काही क्षणांनंतरचे आधीच ऐकू येते, असे आपण लिहिले आहे. मग पहिली बोलण्यापूर्वीच तिला ती कबुली ऐकू आलेली असणार. हे प्रसंगाच्या केंद्रस्थानी यायला हवे, कारण त्यामुळे जुनीपाने यांनी केलेला फरकच डळमळतो. पहिली आपले मर्म देते आहे असे तिला वाटते, पण दुसरीने ते देण्यापूर्वीच घेतलेले आहे, तेही स्वतःची इच्छा नसताना. त्या मधल्या क्षणांत दुसरी काय करते? ती निघून जाऊ शकते, विषय बदलू शकते, किंवा पहिल्यांदाच ऐकतो आहोत असा चेहरा करून उभी राहू शकते. यांतला प्रत्येक पर्याय पहिलीशी एक प्रकारची लबाडी आहे आणि प्रत्येकात मायाही आहे.

शिवाय हे एकदाच घडले असेल असे नाही. इतक्या वर्षांच्या सहवासात पहिलीने उच्चारण्याआधी दुसरीने तिची किती वाक्ये ऐकली असतील! ओठांवर येऊन परत फिरलेली, शेवटच्या क्षणी गिळलेली वाक्येही तिला ऐकू येतात का? तसे असेल तर ओसरत्या शक्तीची गोष्ट तिला फार आधीपासून ठाऊक आहे, आणि इतके दिवस ती वेळेवर इशारे देत राहिली ती चुरशीपोटी नव्हे, तर पहिलीला उंच जावे लागू नये म्हणून. पहिलीला हे कळले तर ती कृतज्ञ होणार नाही, संतापेल. आपण जिंकत होतो असे ती समजत होती, आणि प्रत्यक्षात तिला सांभाळून घेतले जात होते. माझ्या मते पुढच्या साऱ्या प्रकरणांना पुरेल इतका ताण या एका गोष्टीत आहे.

जुनीपाने

ही कल्पना फारच सुंदर आहे. माझ्या मांडणीत ती बसत नाही हे मान्य करूनही मी तिच्या बाजूने आहे. फक्त पहिलीच्या संतापाविषयी एक पुस्ती जोडतो.

अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची 1985 मधली एक कथा आहे. सुपरमॅनच्या वाढदिवशी बॅटमॅन, रॉबिन आणि वंडर वुमन भेटवस्तू घेऊन येतात तेव्हा एका शत्रूने पाठवलेली परजीवी वनस्पती त्याच्या छातीला चिकटलेली असते आणि तो स्वप्नात हरवलेला असतो. त्या स्वप्नात त्याचा नष्ट झालेला ग्रह शाबूत आहे, त्याला पत्नी आणि मुले आहेत. त्याला जागे करणे म्हणजे ते कुटुंब त्याच्यापासून हिरावून घेणे. ती वनस्पती सुटते आणि बॅटमॅनला पकडते, आणि आपल्याला दिसते की त्याचे स्वप्न म्हणजे आईवडिलांवर झाडल्या जाणाऱ्या गोळीची ती रात्र टळणे. एकाच दिवशी एकाच काट्याने दोघांच्या सर्वांत खोल जखमा उघड्या होतात, पण कथेच्या शेवटी दोघे त्याविषयी एकमेकांशी चकार शब्द काढत नाहीत.

बॅटमॅनने भेट म्हणून मुद्दाम तयार करवून घेतलेली गुलाबाची एक नवी जात आणली होती, तिचे नाव सुपरमॅनच्या त्या नष्ट झालेल्या ग्रहाचेच, ‘क्रिप्टन’. मारामारीत ते रोप पायाखाली येऊन मरते. बॅटमॅन ते सांगतो तेव्हा सुपरमॅन, कदाचित हेच बरे झाले, अशा अर्थाचे उत्तर देतो. वंडर वुमनने आणलेल्या वस्तूची जोड त्याच्याजवळ आधीच असते, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून तो ती विजेच्या वेगाने लपवतो. म्हणजे सांभाळून घेणे तोही करतोच, आणि ज्याला सांभाळले गेले त्याला ते कळत नाही.

तेव्हा गच्चीवर दुसरीने काय बोलावे, या प्रश्नाला माझे उत्तर असे, की त्या वेळी तिने कामाचे काहीतरी बोलावे. उद्यापासून पूर्वेकडची गस्त मी घेते, असे एखादे वाक्य. त्यात धीर नाही आणि दंशही नाही. मात्र पहिली चाणाक्ष असेल, तर पूर्वेकडचे मनोरे सर्वांत उंच आहेत हे तिच्या लक्षात येईलच. आणि हे वाक्य तिने कबुली संपण्यापूर्वी उच्चारले, तर उत्तररात्र यांनी सुचवलेला संतापही तिथेच सुरू होईल.

रेघोट्या

मला ते वाक्य कबुली संपल्यावर, पण जरा लवकर आलेले आवडेल. विचार करून ठरवायला जेवढा वेळ लागायला हवा, त्याहून थोडे आधी. पहिलीला त्या क्षणी काहीतरी खटकावे, पण काय ते कळू नये, आणि दोन प्रकरणांनंतर एका लढाईत, इशारा नेहमीप्रमाणे वेळेच्या आधी येतो तेव्हा, तिला गच्चीवरचा तो क्षण आठवावा. संताप लढाईच्या मध्यावर आला तर तिला थांबून भांडताही येणार नाही. इशारा मानायचा की झुगारायचा, एवढेच तिच्या हाती राहील.

अर्धविराम

मी तो झुगारायला लावणार आहे. दुसरीने जाऊ नकोस म्हणून सांगितलेल्या मनोऱ्यावर पहिली मुद्दाम झेपावते, कारण आपली शक्ती खरोखर किती उरली आहे हे तिला कोणी सांभाळून न घेता एकदा मोजायचे आहे. तिला पोहोचता येते की नाही ते अजून ठरलेले नाही. पण दुसरीला ते काही क्षण आधी कळणार आहे, त्यामुळे हे प्रकरण मी दुसरीच्या नजरेतून लिहायला घेतो आहे. पहिला खर्डा तयार झाला की याच धाग्यावर टाकीन, आपण तिघांनी तो वाचावा ही विनंती.